चावी आणि तेल

चावीच्या घड्याळाला दोन गोष्टी लागतात. रोज एकदा चावी, आणि काही वर्षांनी एकदा तेल. चावी घरातलं कुणीही देऊ शकतं. तेलासाठी मात्र घड्याळ घराबाहेर न्यावं लागतं, शेवटच्या स्क्रूपर्यंत सुटं होऊ द्यावं लागतं, आणि ज्याच्या टेबलावर ते सुटं झालं त्याला ते पुन्हा जोडता येईल असा भरवसा ठेवावा लागतो. वडिलांचं घड्याळ माझ्याकडे आलं तेव्हा यातली पहिली गोष्ट आमच्या घरात नेमाने चालू होती. दुसरी पार थांबली होती.

बाबा गेल्यापासून त्यांचं घड्याळ आई सांभाळत होती. सकाळी देवपूजेआधी ती ते हातात घ्यायची, पदराने काच पुसायची आणि चावी द्यायची. कुठे थांबायचं हे तिच्या बोटांना ठाऊक होतं. चावी घट्ट लागली की पुढे रेटायची नाही. मग घड्याळ परत बाबांच्या चष्म्याच्या घरात. ते कुणी हातावर बांधत नव्हतं, त्यावर कुणी वेळ बघत नव्हतं. पण ते चालत होतं, आणि तेवढ्यावर घराचं समाधान होतं. एका पावसाळ्यात ते थांबलं. आईने चावी दिली की सेकंदकाटा चार पावलं जायचा आणि उभा राहायचा. दादा डोंबिवलीला असतो. तो फोनवर म्हणाला, "तूच ठेव ते. तू करशील त्याचं काहीतरी." आमच्याकडे बापाचं घड्याळ मुलाकडे जातं आणि आईचं सोनं मुलीकडे येतं. इथे घड्याळच मुलीकडे आलं. मला त्याचं अप्रूप वाटलं आणि थोडी धास्तीही वाटली.

घड्याळ एचएमटीचं, 'जनता'. तबकडीवर ते नाव देवनागरीत आहे. हिंदुस्थान मशीन टूल्स ही सरकारी कंपनी १९५३ साली स्थापन झाली ती कारखान्यांना लागणारी यंत्रं बनवण्यासाठी. १९६१मध्ये तिने जपानच्या सिटिझन कंपनीचं तंत्रज्ञान घेऊन बंगळूरला मनगटी घड्याळांचा कारखाना काढला. तोवर चांगलं घड्याळ म्हणजे स्विस घड्याळ: फेवर ल्युबा, वेस्ट एंड, रोमर, कॅमी. ती वकिलांच्या, रेल्वेतल्या साहेबांच्या, भाताच्या व्यापाऱ्यांच्या हातावर दिसायची. 'जनता' आलं आणि प्राथमिक शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, एसटीचे कंडक्टर यांच्या हातावर घड्याळ आलं. माझ्या दृष्टीने हा स्वतंत्र भारतातला एक मोठा बदल आहे आणि त्याबद्दल फारच कमी लिहिलं गेलं आहे. वेळ विचारणारा माणूस वेळ सांगणारा झाला. बाबांनी आपलं घड्याळ पगाराच्या थकबाकीतून घेतलं, त्यासाठी खास कल्याणला जाऊन. त्याचा पहिला पट्टा फाटल्यावर दुसरा त्यांनी म्हशाच्या यात्रेत घेतला होता, हे आई अजून सांगते. बैल बघायला गेलेला माणूस पट्टा घेऊन आला म्हणून.

बाबांच्या शिक्षकाच्या नोकरीची सुरुवातीची वर्षं मुरबाड तालुक्यात गेली, टोकावड्याच्या पुढे, माळशेजच्या पायथ्याकडच्या एका वस्तीत. जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा, दोन खोल्या, आणि पडवीच्या वाशाला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. त्यावर लोखंडी गजाने टोल दिला की शाळा भरायची. तो आवाज शाळेपुरता राहत नसे. सकाळचा टोल ऐकून बायका भाकरी बांधून शेतावर निघायच्या. लावणीच्या दिवसांत दुपारचा टोल झाला की चिखलातली माणसं बांधावर यायची. कल्याण-नगर एसटी गाठायची असेल तर लोक आधी शाळेच्या दारात येऊन विचारायचे, "गुरुजी, किती झाले?" त्या वस्तीची वेळ बाबांच्या मनगटावर होती. आणि बाबांची वेळ आकाशवाणीवर. पुणे केंद्राच्या मराठी बातम्या लागताना निवेदक सात वाजून पाच मिनिटं झाल्याचं सांगे, तेव्हा बाबा काटे जुळवून घेत. रेडिओचे सेल संपले की पुढच्या बाजारापर्यंत घड्याळावरच भिस्त. आपलं घड्याळ दिवसाला अर्धं मिनिट पुढे जातं हे त्यांना माहीत होतं. आठवड्याची साडेतीन मिनिटं मनात वजा करून ते टोल द्यायला सांगत.

आमचं घर आहे ते शहापूर आणि बाबांची शाळा होती ते मुरबाड हे शेजारचे तालुके, पण वेळेशी त्यांचं नातं निरनिराळं आहे. शहापूर तालुक्यात रेल्वे १८५५मध्ये वाशिंदपर्यंत आली आणि १८६१मध्ये कसाऱ्यापर्यंत पोचली. वाशिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी इथल्या कितीतरी पिढ्या गाडीच्या मिनिटांवर जगल्या. मुरबाडला अजून रेल्वे नाही. तिथे एसटीची वाट बघायची असते, आणि वाट बघणाऱ्याला मिनिटांपेक्षा सावली जास्त कळते. या दोन्ही तालुक्यांची बाजारपेठ असलेली मुंबई तर कित्येक वर्षं आपलीच वेळ लावून बसली होती. १९०६पासून देशाची एक प्रमाणवेळ ठरली, रेल्वे त्या वेळेवर धावू लागली, पण मुंबई शहराने तिच्यापेक्षा एकोणचाळीस मिनिटं मागे असलेली जुनी मुंबई वेळ १९५५पर्यंत सोडली नाही. कसाऱ्याकडून गाडीत बसलेला माणूस मुंबईत उतरला की काही घड्याळांच्या हिशेबाने निघाल्यापासून फारच लवकर पोचलेला असे.

बाबा वेळेतला हा फरक मुलांना एका काठीने शिकवत. शाळेच्या अंगणात काठी सरळ रोवायची, तिची सावली कमी होत जाईल तशी टोकाशी खूण करत जायची, आणि सावली सगळ्यांत आखूड झाली की घड्याळ बघायचं. आपल्या भागात तेव्हा बरोबर बारा कधीच नसतात, बारा वाजून गेलेले असतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला बारा-वीस, फेब्रुवारीत बारा-पन्नास, एरवी मधलं काहीतरी. मुलं विचारायची, "गुरुजी, सूर्य चुकतो का घड्याळ?" बाबा सांगत, "दोघंही बरोबर आहेत. घड्याळातली वेळ मिर्झापूरच्या बाजूची आहे, सूर्य आपल्याकडे मागाहून येतो." पुढे कधीतरी माझ्यासाठीही त्यांनी शहापूरच्या घरामागे ती काठी रोवली होती. 'जनता' काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवलं होतं, बारीक टिकटिक हाताला जाणवत होती, आणि समोर मातीत रेघेरेघेने सावली सरकत होती. यंत्र माणसाने केलेलं आणि सावली कुणी न केलेली, दोन्ही एकाच गोष्टीचा हिशेब ठेवत आहेत, हे तेव्हा शब्दांत कळलं नाही, पण कळलं.

पावसाळा हा घड्याळाचा खरा वैरी. जूनमध्ये आपल्याकडे पाऊस लागला की भिंतींना ओल येते, कपड्यांना वास येतो, काड्यापेटीची काडी पेटत नाही. 'जनता'सारख्या घड्याळाला पाणी अडवण्याची फारशी सोय नसते. चावीच्या दांड्यालगत जी फट असते तिथून दमट हवा आत जाते. बाबा काळू नदीला मिळणारा ओढा ओलांडून शाळेत जायचे. पाणी चढलेलं असलं की ते घड्याळ काढून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळत, ती पिशवी टोपीत, टोपी डोक्यावर, वर इरलं. पलीकडे गेल्यावर आधी घड्याळ कानाला लावत, मग धोतर पिळत. हे मी पाहिलेलं नाही. त्यांच्या एका विद्यार्थ्याने, जो आता स्वतः आजोबा आहे, मला सांगितलं. तबकडीच्या चाराच्या आकड्याजवळ जो तपकिरी डाग आहे तो अशाच कुठल्यातरी पावसाचा असणार.

शहापूरच्या बाजारपेठेत एक घड्याळवाले काका आहेत. दुकानात आता मोबाइलची कव्हरं, चार्जर, टीव्हीचे रिमोट, भिंतीवरची सेलची घड्याळं. त्यावर पोट चालतं. पण आतल्या कोपऱ्यात काचेच्या पेटीसारखं जुनं टेबल आहे, त्यावर झाकायला काचेचे पेले, चिमटे, सुईएवढे स्क्रूड्रायव्हर आणि हवा मारायचा रबरी फुगा. मी घड्याळ पुढे ठेवलं. त्यांनी ते कानाला लावलं, चावी पुढे-मागे फिरवून पाहिली.

"ताई, हे ठेवलेलं होतं का चालत होतं?"

"आई रोज चावी देत होती."

काका जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आणि तेल?"

तेल किती वर्षांत पडलं नव्हतं हे त्यांनी झाकण उघडल्यावर सांगितलं, आणि ते कसं कळलं हेही दाखवलं. घड्याळाच्या मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, जिथे मालकाची नजर कधी जात नाही, तिथे दुरुस्ती करणारे टोकदार सुईने बारीक खूण करून ठेवतात: तारीख, आपलं अक्षर, एखादा आकडा. पुढच्या कारागिराला कळावं की हे आधी कुणी उघडलं, कधी उघडलं. काकांनी आपलं भिंग माझ्या हाती दिलं. झाकणाच्या पोलादावर चार-पाच निरनिराळ्या हातांची अक्षरं होती. काही इंग्रजी आकडे, एक उर्दू अक्षर, एक देवनागरी 'म' आणि त्याच्यापुढे साल. बहुतेक खुणा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या होत्या. पावसाळा संपला, दिवाळीची सुट्टी लागली, की बाबा घड्याळ दुरुस्तीला टाकत असले पाहिजेत. सत्तरच्या दशकातल्या खुणांमध्ये अंतर कमी, ऐंशीच्या दशकात मध्येच एक मोठी पोकळी. तेव्हा दादाचं शिक्षण आणि आजीचं आजारपण एकदमच होतं. वडिलांनी डायरी लिहिली नाही, हिशेबाच्या वह्या वाळवीने खाल्ल्या. पण त्यांच्या ऐपतीचा चढउतार कोणा अनोळखी माणसांनी त्यांच्याच घड्याळाच्या आत कोरून ठेवला होता. शेवटची खूण त्यांच्या निवृत्तीच्या आसपासची. त्यानंतर काही नाही.

"ही उर्दू खूण कल्याणची," काका म्हणाले. "स्टेशनाजवळ बसायचे ते. हात फार हलका त्यांचा."

मग काकांनी जे समजावलं ते मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. 'जनता'चा बॅलन्स, म्हणजे आतलं ते डोलणारं चाक, तासाला अठरा हजार ठोके देतो, सेकंदाला पाच. दिवसाला चार लाख बत्तीस हजार, वर्षाला पंधरा कोटींच्या वर. प्रत्येक चाकाच्या दांड्याची टोकं, ज्यांना काका पिवट म्हणतात, केसाएवढी बारीक असतात आणि ती ज्वेलच्या भोकात फिरतात. ज्वेल म्हणजे कृत्रिम माणकाचे खडे. ते कठीण असतात म्हणून झिजत नाहीत. पोलाद आणि माणिक यांच्या मध्ये तेलाचा जो सूक्ष्म थेंब असतो त्यावर सगळं अवलंबून. तो थेंब काही वर्षांत सुकतो, घट्ट होतो, त्यात धूळ बसते. तरीही चावीने आवळलेल्या कमानीत जोर असेपर्यंत घड्याळ चालतं. कोरडं चालतं. "चावी दिली की कमान ओढते, ताई. तेल असो वा नसो. मग पिवट झिजतो." म्हणजे आई ज्या हाताने रोज ते जिवंत ठेवत होती त्याच हाताने ते रोज थोडं झिजतही होतं.

घरी आल्यावर हे आईला सांगावं की नाही, हा प्रश्न मला पडला होता. मी सांगितलं. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग तेल घालून आण. चावी मी देईन."

काकांनी मला काम बघायला बसू दिलं. त्यांनी सगळ्यांत आधी कमानीतला सगळा ताण एका लहानशा खिट्टीला धरून हळूहळू सोडला. भरलेल्या कमानीवर पूल, म्हणजे चाकं धरून ठेवणारी पट्टी, उघडला तर चाकांचे दात एका क्षणात जातात. मग बॅलन्स त्याच्या बालकमानीसकट उचलला. बालकमान म्हणजे केसासारखी चपटी तार, मच्छर अगरबत्तीसारखी वेटोळी केलेली. तिला चिमट्याचं टोक चुकून लागलं तरी घड्याळाची चाल बिघडते. मग पॅलेट, म्हणजे बॅलन्सला ठोका देणारी छोटी दांडी, मग एकामागून एक चाकं, मग कमानीचं डबडं. सगळं पेट्रोलमध्ये. ज्वेलची भोकं त्यांनी लाकडी काडी तासून टोक करून आतून फिरवून पुसली. काडीचं टोक काळं निघालं की पुन्हा तासायचं, पुन्हा फिरवायचं, ते पांढरं निघेपर्यंत. हे काम यंत्राने होत नाही असं नाही. मोठ्या शहरांत धुण्याची यंत्रं आहेत. पण ही काडी जिथे पोचते तिथे नजरही पोचलेली असते, आणि तो फायदा मला मोठा वाटला.

तेल घालणं मी अपेक्षिलं होतं त्याच्या उलट निघालं. एका सुईच्या टोकावर मावेल तेवढं तेल, आणि तेही ठरावीक जागी. कमानीला जाडसर, चाकांच्या टोकांना पातळ, पॅलेटच्या खड्यांच्या कडेला अगदी नावाला. बालकमानीला कधीच नाही. तिथे तेल गेलं तर वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ सुसाट पुढे पळतं. जास्त तेल हे कमी तेलाइतकंच वाईट, कारण जास्त झालेला थेंब जागा सोडून पसरतो आणि जिथे तो लागतो तिथूनच निघून जातो. काकांचा उजवा हात टेबलावर टेकलेला, फक्त दोन बोटं हलत होती. बाहेर रिक्षावाले आसनगावच्या गाडीची सीट भरत ओरडत होते. त्या आवाजात त्यांनी श्वास धरून एकेक थेंब ठेवला.

तिसऱ्या चाकाचा एक पिवट झिजून बारीक झाला होता. ते चाक बदलावं लागणार होतं. नवा माल मिळत नाही: केंद्र सरकारने जानेवारी २०१६मध्ये एचएमटीचा घड्याळांचा व्यवसाय बंद करायला मंजुरी दिली, आणि त्याच्या कितीतरी आधीच सेलच्या घड्याळांनी चावीच्या घड्याळांना बाजारातून बाजूला सारलं होतं. क्वार्ट्झचं पहिलं मनगटी घड्याळ जपानच्या सीको कंपनीने १९६९च्या नाताळात विकायला काढलं. त्यातला स्फटिक सेकंदाला आठ हजार एकशे ब्याण्णव वेळा थरथरायचा. पाच ठोक्यांच्या 'जनता'ने त्याच्याशी अचूकपणात स्पर्धा करणं शक्यच नव्हतं. तेव्हा आता सुटा भाग हवा असेल तर एकच वाट, बंद पडलेली घड्याळं. काकांकडे औषधाच्या गोळ्यांच्या जुन्या डब्यांमध्ये अशी कितीतरी आहेत. लोकांनी न नेलेली, कुणी रद्दीत दिलेली, कुणी वडील गेल्यावर "हे घ्या, आम्हाला काय करायचंय" म्हणून टाकून गेलेली. त्यांतलं एक 'जनता' त्यांनी काढलं, त्याचं तिसरं चाक तपासलं, आणि बाबांच्या घड्याळात बसवलं.

ते कुणाचं चाक होतं? मला ते जाणून घ्यावंसं वाटलं आणि जाणून घेता येणार नाही हेही समजलं. त्याने बाबांचं घड्याळ कमी बाबांचं झालं असं मात्र मला वाटलं नाही. आमच्या आजोळी कुडाचं घर होतं. दर पावसाळ्यानंतर कुजलेल्या कारव्या काढून नव्या बांधायच्या, वर शेणमातीचा लेप द्यायचा. काही वर्षांत आधीची एकही कारवी त्या भिंतीत उरत नसे, आणि घर आजीचंच असे. उलट मला असं वाटलं की तालुक्यातल्या कुठल्या तरी दुसऱ्या घरातला एक माणूस, कदाचित दुसरा एखादा गुरुजी, एखादा कंडक्टर, आमच्या घड्याळात थोडासा चालू राहिला.

एका बाबतीत मात्र माझं आणि काकांचं जुळलं नाही. त्यांनी चांगल्या मनानेच विचारलं, "डायल नवीन करून देऊ? मुंबईहून रंगवून येते. नाव, आकडे, सगळं झकास." जुन्या घड्याळांच्या तबकड्या पुन्हा रंगवून देण्याचा धंदा मुंबईत फार जुना आहे. काही जण मेलेल्या घड्याळांचे भाग एकत्र करून, वर भडक रंगाची तबकडी लावून ती जुनी म्हणून विकतात. जगभरच्या संग्राहकांमध्ये अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' असंच नाव पडलं आहे. ज्यांना स्वस्तात चालणारं घड्याळ हवं आहे त्यांना त्यात काही वाईट वाटू नये, आणि ती तयार करणाऱ्यांचा हातही कच्चा नसतो. पण मला आमची तबकडी रंगवायची नव्हती. चाक बदलायला मी तयार झाले, तबकडी बदलायला नाही, यात विसंगती आहे असं दादाने मला ऐकवलं. मला ती विसंगती वाटत नाही. चाक हे काम करतं. ते काम थांबलं की बदलायचं. तबकडी बघायची असते. त्या तबकडीकडे बाबांनी आयुष्यभर पाहिलं, टोल द्यायच्या आधी, गाडी पकडताना, आजीच्या उशाशी बसून रात्री औषधाची वेळ बघताना. ओढ्याच्या पाण्याचा डाग, पिवळा पडलेला पांढरा रंग, किंचित फिकट झालेला बाराचा आकडा, हे सगळं त्यांच्या नजरेखालचं आहे. रंगवलेल्या तबकडीवर वेळ दिसेल, पण ती त्यांनी न पाहिलेली असेल.

कवचाच्या कडांचा मुलामा मनगटाच्या घामाने गेला आहे, आतलं पितळ दिसतं. तेही घासू नका म्हणून सांगितलं. काच मात्र काकांनी टूथपेस्ट लावून मऊ कापडाने चोळली. 'जनता'ची काच प्लास्टिकची असते, तिच्यावरचे बारीक चरे तेवढ्याने जातात. काच बदलावी लागली नाही. चावी जुनी झिजली होती ती बदलली, कारण ती बोटाला धरता यायला हवी, आणि बोटं आईची आहेत.

झाकण लावण्याआधी मी काकांना विचारलं, तुमची खूण कुठे करणार? त्यांनी जागा शोधली. 'म' अक्षराच्या खाली थोडी मोकळी जागा होती. तिथे त्यांनी सुईने महिना, साल आणि आपलं अक्षर काढलं. एवढ्या अवघड कामाचे त्यांनी जे पैसे सांगितले ते माझ्या मते फार कमी होते. जास्त दिले तर ते घेईनात. मी म्हटलं, हा दर तुमच्या पुढच्या माणसालाही परवडायला हवा ना. त्यावर ते म्हणाले, "पुढचा माणूस कुठे आहे, ताई?" त्यांचा मुलगा मोबाइल दुरुस्त करतो, उत्तम करतो, आणि त्यात काही गैर नाही. पण मोबाइलचा डिस्प्ले बदलणाऱ्याला बालकमान सरळ करता येत नाही, आणि बालकमान सरळ करणारे शहापूर, मुरबाड, कल्याण मिळून आता हातावर मोजण्याइतके उरले आहेत. ज्यांच्या घरात वडिलांचं, आजोबांचं चावीचं घड्याळ आहे त्यांनी ते जपून ठेवताना याचा विचार करावा असं मला कळकळीने वाटतं. घड्याळ कपाटात पन्नास वर्षं टिकेल. ते उघडून बंद करणारा हात कपाटात ठेवता येत नाही. त्याला काम द्यावं लागतं, रास्त पैसे द्यावे लागतात, आणि शेजारी एखादा शिकणारा बसवावा लागतो.

दादाची मुलगी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीत आली तेव्हा तिने घड्याळाच्या पाठीमागच्या खुणांबद्दल ऐकलं आणि "आत्या, मला बघायचंय" म्हणून काकांकडे घेऊन चल म्हणाली. काकांनी तिच्यासमोर डब्यातलं एक बंद घड्याळ ठेवलं आणि ते सुटं करायला सांगितलं. तिने कमानीचा ताण न सोडता पूल उघडायला घेतला, काकांनी चिमट्याने तिचं बोट अडवलं, खिट्टी दाखवली. संध्याकाळपर्यंत तिने ते सुटं केलं. जोडलं नाही. आता ती सुट्टीला आली की दुपारी दुकानात बसते. काका तिला अजून बालकमानीला हात लावू देत नाहीत.

'जनता' मी आठवड्यातले बरेच दिवस हातावर बांधते. आजच्या मानाने त्याची तबकडी लहान, माझ्या मनगटाला ती बेताची बसते. चावी सकाळी आईच देते, मग मी ते तिच्या हातून घेते. फोन आणि घड्याळ एकत्र ठेवत नाही, कारण स्पीकरच्या चुंबकाने बालकमान भारली गेली तर घड्याळ पुढे पळू लागतं. काकांनी तपासायची सोपी रीत सांगितली: घड्याळ होकायंत्राजवळ न्यायचं, सुई थरथरली तर समजायचं. मुसळधार पाऊस असला की ते घरी, डब्यात, तांदळाच्या नव्हे तर सिलिका जेलच्या पुडीबरोबर. तांदळाचं पीठ उडतं. सध्या ते दिवसाला वीस सेकंद पुढे जातं. मला ते शून्यावर आणून हवं होतं. काका म्हणाले, तेल नवीन आहे, बसू द्या, पाऊस जाईपर्यंत चाल जुळवायच्या लिव्हरला हात लावायचा नाही. मग बघू.